हेल्मेट घालाच, पण सक्ती?

मेलबर्नला सायकल घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने सायकलीआधी हेल्मेट दाखवलं. व्हिक्टोरिया राज्यात १९९० पासून ते सक्तीचं आहे. उघड्या डोक्याने सापडलात की दोनशेहून जास्त डॉलर दंड. पुण्यात स्कूटरच्या हेल्मेटविरुद्धसुद्धा आंदोलनं पाहिलेला मी, मनात हसलो आणि दंडाच्या धाकाने ते घेतलं.

पुढे पावसात ट्रामच्या रुळाशेजारून जाताना उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं. ते चुकवताना पुढचं चाक रुळाच्या खाचेत गेलं आणि मी आडवा झालो. खांद्याचं हाड मोडलं. हेल्मेटला कानाच्या वर आरपार चीर गेली होती, डोक्याला मात्र खोकही नव्हती. तेव्हापासून सांगतो: रूळ ओलांडायचे तर शक्य तितके काटकोनात, आणि उभ्या गाड्यांपासून दाराएवढं अंतर ठेवूनच जायचं.

हेल्मेटच्या आत असतो तो थर्माकोलच. तो चेपतो, म्हणून धक्का डोक्यापर्यंत कमी पोचतो. पण एकदा चेपला की फुगत नाही. जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या. वापरलेलं विकत घेऊ नका, त्याने काय सोसलंय ते कळत नाही. भुवईच्या वर दोन बोटं बसावं, हनुवटीखाली पट्ट्यात एखादं बोट जेमतेम जावं. मागे कलंडलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं, आणि बहुतेकजण तसंच घालतात.

मग सर्वत्र सक्ती करावी का? इथे मला अडखळायला होतं. मेलबर्नमध्ये कायद्यानंतरच्या पाहणीत डोक्याच्या दुखापती घटलेल्या दिसल्या, तशी सायकलवरची शाळकरी पोरंही घटलेली दिसली. इथली भाड्याच्या निळ्या सायकलींची योजना २०१० मध्ये आली, २०१९ मध्ये गुंडाळली. लहर आली म्हणून सायकल काढणारा माणूस हेल्मेट कुठून आणणार, हे तिच्या अपयशाचं एक कारण मानलं गेलं. शिवाय ही हेल्मेटं तपासतात ती साधारण दीड मीटरवरून आपटून. ट्रकपुढे त्यांचं फारसं चालत नाही.

भारतातल्या मोटार वाहन कायद्याची हेल्मेटसक्ती सायकलला लागू नाही, आणि तसंच राहावं असं मला वाटतं. भोसरीच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला सायकलने जाणारा कामगार हौसेने सायकल चालवत नाही. त्याच्याकडून पावती फाडून घेण्याआधी त्याच्या रस्त्यावरचे दिवे लावा, सायकलमार्गावर उभ्या केलेल्या गाड्या उचला. शनिवार-रविवारी सिंहगडाच्या घाटातून भन्नाट उतरणाऱ्या मंडळींना मात्र त्यांच्या क्लबनेच उघड्या डोक्याने निघू देऊ नये. त्याला कायदा लागत नाही.