तक्ता, माहिती आणि मधला दुभाषा



दोन वर्षांपूर्वी विज्ञानदिनाच्या प्रदर्शनासाठी आमच्या महाविद्यालयात आम्ही भूकंपांचे एक दालन मांडले होते. दालन म्हणजे काय, एक टेबल, एक संगणक आणि भिंतीवर पाडलेले त्याच्या पडद्याचे चित्र. डावीकडे मोठ्या भूकंपांचा तक्ता, उजवीकडे नकाशा. सगळी जुळणी मी आदल्या रात्री जागून केली होती आणि मनातून खूष होतो. सकाळी दालन झाडायला आलेले आमचे शिपाईमामा तक्त्यापुढे थांबले. ते मूळचे औसा तालुक्यातले. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "सर, ही तारीख चुकली की. एकोणतीसच्या रात्री आम्ही गणपती बोळवून घरी येऊन झोपलो. भुई हलली ती तीस तारखेच्या पहाटे."

तक्त्यात किल्लारीच्या भूकंपापुढे २९ सप्टेंबर १९९३ अशी तारीख होती. मामांचेच खरे होते. हजारो माणसे ज्या पहाटे झोपेतच गेली, ती पहाट ३० सप्टेंबरची. संगणकाने मात्र कोठेही चूक दाखवली नव्हती. ओळी सरळ होत्या, अक्षर सुबक होते. मामा थांबले नसते, तर संध्याकाळपर्यंत कितीतरी मुलांनी ती तारीख वहीत उतरवून नेली असती.

ही चूक कोठे झाली? तक्त्यात नव्हे, आणि माहितीतही नव्हे. ती झाली दोहोंच्या मध्ये. तो मधला भाग कसा असतो, ते आज पाहू.

वेबपानावर तक्ता, निवडीची यादी, आलेख किंवा नकाशा हवा असेल, तर हल्ली हे घटक तयार मिळतात. दुकानातून कपाट आणावे तसे. कपाटात काय ठेवायचे ते कपाट करणाऱ्याला ठाऊक नसते. तसेच तक्ता लिहिणाऱ्यालाही तुम्ही त्यात भूकंप मांडणार की क्रिकेटच्या धावा, हे माहीत नसते. म्हणून तक्ता फक्त ठराविक प्रश्न विचारतो. पहिल्या इतक्या ओळी सोडून पुढच्या वीस दे. त्या अमुक स्तंभाप्रमाणे लावून दे. एकूण ओळी किती? अमुक खुणेची एकच ओळ दे.

दुसऱ्या बाजूला असतो माहितीचा स्रोत. आम्ही घेतली ती अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची, म्हणजे यूएसजीएसची, जगभरच्या भूकंपांची सूची. ती कोणालाही मोफत पाहता येते. वेबपत्त्याच्या शेपटीतच प्रश्न लिहायचा, की उत्तर येते. पण तिची प्रश्न घेण्याची रीत तिची स्वतःची आहे. तक्त्याची भाषा सूचीला कळत नाही आणि सूचीची तक्त्याला. मग मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो, आणि तो आपणच लिहायचा असतो. डेव्हएक्स्ट्रीम नावाच्या घटकसंचात त्याला 'कस्टमस्टोअर' म्हणतात. त्यातले 'लोड' हे फंक्शन ओळी आणते व 'बायकी' हे फंक्शन खुणेवरून एकच ओळ आणते. इतर संचांत नावे निराळी असतील, काम तेच.

आता दुभाष्याचे काम प्रत्यक्ष पाहा. तक्ता पहिल्या पानासाठी म्हणतो, "० ओळी सोड, २० दे." सूचीत सुरुवातीची ओळ 'ऑफसेट' या शब्दाने सांगतात आणि तिची मोजणी १ पासून होते. म्हणून दुभाष्याने ऑफसेट १ आणि मर्यादा २० असे सांगायचे. दुसऱ्या पानासाठी तक्ता २० ओळी सोडायला सांगेल. तेव्हा ऑफसेट २१. हा एक मिळवायला विसरलात, तर पहिल्या पानाची शेवटची ओळ दुसऱ्या पानाच्या डोक्यावर पुन्हा दिसेल. एकूण ओळी किती, हे विचारायला सूचीकडे 'काउंट' नावाचा वेगळा प्रश्न आहे. तो विचारताना अटी त्याच ठेवाव्यात, नाहीतर तक्त्याखाली पानांची संख्या भलतीच दिसते.

ओळी लावण्यात जरा अधिक मेख आहे. सूची वेळेप्रमाणे किंवा परिमाणाप्रमाणे (वर्तमानपत्रे ज्याला 'रिश्टर' म्हणतात ते) ओळी लावून देते, सुलट आणि उलट. खोलीप्रमाणे लावून देत नाही. पण तयार तक्ता बिचारा 'खोली' या शीर्षकावरही टिचकी मारू देतो! अशा वेळी हाती असलेल्या वीसच ओळी खोलीप्रमाणे लावून दाखवल्या, तर वर येणारा भूकंप त्या विसांतला सर्वांत खोल असेल, सूचीतला नव्हे. पाहणाऱ्याला हा फरक कळायला काही मार्ग नाही. माझे मत विचाराल, तर दोनच उपाय प्रामाणिक आहेत: ओळी थोड्या असतील तर आधी सर्व आणून घ्याव्यात आणि मग लावाव्यात (ही सूची एका प्रश्नाला २०,००० पर्यंत ओळी देते), नाहीतर त्या शीर्षकावरची टिचकी बंद करून टाकावी.

आता मामांच्या तारखेकडे येऊ. सूची भूकंपाची वेळ तारखेच्या रूपात देत नाही. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, तीही ग्रीनिचच्या, किती मिलिसेकंद झाले तो आकडा देते. किल्लारीसाठी तो सुमारे ७४,९३४ कोटी येतो. वहीवर पडताळून पाहा: हजाराने भागून सेकंद, मग ८६,४०० ने भागून दिवस. भागाकार ८,६७२ येईल आणि साडेबावीस तासांच्या जवळपास बाकी उरेल. ८,६७२ दिवस संपतात तेव्हा २९ सप्टेंबर १९९३ सुरू होतो. म्हणजे ग्रीनिचला २९ तारखेच्या रात्रीचे दहा वाजून सव्वीस मिनिटे होत आली होती. त्यात आपले साडेपाच तास मिळवा, की ३० तारखेच्या पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे होतात. मी आकड्यावरून ग्रीनिचची तारीख काढली आणि तीच तक्त्यात लिहिली. लाजिरवाणी गोष्ट अशी, की कोयनेच्या भूकंपाची ११ डिसेंबर १९६७ ही तारीख मला पाठ आहे, आणि तीही तक्त्यात १० डिसेंबर दिसत होती. तोही पहाटेचाच, ४ वाजून २१ मिनिटांचा. स्वतःच केलेल्या तक्त्यावर माणूस फार लवकर विश्वास ठेवतो.

दुरुस्ती करतानाही एक मोह होतो: आलेल्या आकड्यातच साडेपाच तासांचे मिलिसेकंद मिळवून टाकावेत. तसे करू नका. ब्राउझर स्वतःही वेळ स्थानिक करून दाखवतो, मग साडेपाच तास दोनदा मिळवले जातात. आकडा आला तसाच ठेवावा आणि दाखवताना कालपट्टा स्पष्ट सांगावा. मी तेथे 'एशिया/कोलकाता' असे लिहिले. त्यामुळे लंडनमध्ये बसलेला मराठी विद्यार्थीही किल्लारीची तारीख ३० सप्टेंबर अशीच वाचेल.

काही संगणकभाषा हाच काळ मिलिसेकंदांऐवजी सेकंदांत मोजतात. तेथे हजाराने भागायचे राहिले, तर किल्लारीचा भूकंप इसवी सनाच्या २५,००० व्या वर्षापलीकडे जातो. अशी चूक मात्र बरी, कारण ती लगेच दिसते. तसेच एखाद्या ओळीत १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी वेळ दिसली, तर त्या क्षणी भूकंप झाला असे समजू नका. बहुधा वेळेची जागा रिकामी होती आणि कोणीतरी रिकाम्या जागेला शून्य मानले.

रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक परिमाणाच्या बाबतीत तर फारच जपावा लागतो. परिमाणाची मोजपट्टी लॉगॅरिथमची आहे. तिच्यावर शून्य म्हणजे 'काही नाही' नव्हे. अतिशय लहान भूकंपांचे परिमाण शून्य, किंबहुना ऋणही असते. सूचीत कधीकधी परिमाण दिलेलेच नसते. दुभाष्याने तेथे शून्य भरले, तर न मोजलेला भूकंप मोजलेला होऊन बसतो. जागा रिकामीच ठेवावी.

आता नकाशा. त्याच सकाळी, तारखा दुरुस्त करून मी नकाशाकडे वळलो, तर कोयनेचा ठिपका गायब! शोधता शोधता तो सापडला नॉर्वे आणि स्पिट्सबर्गेन यांच्यामधल्या समुद्रात. कारण साधे आहे. सूची आधी रेखांश देते, मग अक्षांश: ७३.७५, १७.४. भूगोलात आपण आधी अक्षांश शिकतो, आणि लीफलेट हा नकाशाचा घटकही ठिपका मांडताना आधी अक्षांश मागतो. आकडे आले त्याच क्रमाने मी पुढे ढकलले आणि कोयना ७३.७५ अंश उत्तरेला जाऊन पडली.

महाराष्ट्रापुरती ही चूक लपत नाही, कारण आपले अक्षांश आणि रेखांश एकमेकांपासून फार दूर आहेत. पण पूर्व तुर्कस्तानातले व्हान शहर घ्या. तेथे २०११ मध्ये मोठा भूकंप झाला. व्हान आहे सुमारे ३८.५ उत्तर, ४३.४ पूर्व. हे उलटे मांडले, तर ठिपका काळ्या समुद्राच्या ईशान्य कोपऱ्यात जातो. तो भागही भूकंपाचाच, मग शंका कोणाला येणार?

त्याच ठिकाणी तिसरा आकडा येतो, खोलीचा. ज्या मांडणीत ही सूची माहिती देते तिला जिओजेसन म्हणतात. तिचे नियम २०१६ मध्ये लिहून निश्चित झाले. त्यानुसार तिसरा आकडा म्हणजे उंची, मीटरमध्ये, वरच्या दिशेने. भूकंपसूचीत मात्र तो आकडा म्हणजे खोली, किलोमीटरमध्ये, खालच्या दिशेने. त्रिमिती चित्र काढणाऱ्या घटकाला हे कोणी सांगितले नाही, तर दहा किलोमीटर खोल झालेला भूकंप तो जमिनीपासून दहा मीटर उंच, नारळाच्या झाडाइतका, हवेत टांगून ठेवील! तुम्ही प्रयोगवहीत एकक लिहायला विसरता तेव्हा आम्ही गुण कापतो, तो राग यासाठीच असतो.

एक गोष्ट प्रदर्शनाच्या दुपारी घडली. इंटरनेट मध्येच गेले. तक्ता रिकामा झाला आणि त्यावर तयार वाक्य आले: 'एकही नोंद नाही.' आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग आता महाराष्ट्रात कधीच भूकंप झाले नाहीत का?" प्रश्न हसण्यासारखा नव्हता. माझ्या दुभाष्याला उत्तर मिळाले नाही तेव्हा त्याने मुकाट्याने रिकामी यादी पुढे केली होती. 'शोधले, सापडले नाही' आणि 'शोधताच आले नाही' ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. पहिल्या वेळी रिकामी यादी द्यायची. दुसऱ्या वेळी चूक झाल्याचे तक्त्याला कळवायचे, म्हणजे तो तसे पडद्यावर सांगतो. भूकंपाच्या दालनात यामुळे फार तर एक मुलगी गोंधळली. पण रुग्णालयातल्या औषधांच्या यादीपुढे 'रुग्णाला कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही' असे अशाच कारणाने उमटले, तर काय होईल याचा विचार करा.

तुमच्या शाळेत संगणक असेल तर शिक्षकांच्या मदतीने हे करून पाहा. सूचीला कोयनेभोवतालच्या १०० किलोमीटर परिसरातील भूकंप विचारा. सुरुवात १ डिसेंबर १९६७ पासून. तक्ता मांडण्याआधी मोठ्या भूकंपाची तारीख, वेळ आणि जागा वहीत लिहून ठेवा व मग ताडून पाहा. संगणक नसेल, तर वहीपुरता एक प्रश्न देतो. २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झाला. साडेपाच तासांची माझी चूक त्या ओळीतही होती, पण तारीख बरोबरच दिसत होती. असे का? आणि भारतीय घड्याळात कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत झालेल्या भूकंपांच्या तारखा माझ्या तक्त्यात चुकल्या असत्या?