कंपनी-बिलांचा प्रवास : एक अभ्यास

आपल्या रुग्णालयात उपचार घेणारे काही रुग्ण निरनिराळ्या कंपन्यांचे कर्मचारी असतात. कंपनीच्या पत्रावर त्यांना दाखल करून घेतले जाते व बिल मागाहून कंपनीकडे पाठविले जाते. ही उधारी लांबली की औषध-पुरवठादारांची देणी व पगार यांसाठी ओव्हरड्राफ्ट घ्यावा लागतो. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची २ टक्के रक्कम एकूण बिलावर मोजली जाते, वसुलीवर नव्हे. म्हणजे कंपनीचे पैसे येवोत न येवोत, तो भार संस्थेने आधीच उचललेला असतो.

विलंब बिल विभागातच होतो, अशी आमची अनेक वर्षांची समजूत होती. तेथे एक लिपिक वाढवूनही फरक पडला नाही. तेव्हा जपानच्या टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी रुजविलेली पद्धत अनुसरावयाचे आम्ही ठरविले : कामाच्या जागी उभे राहून स्वतः पाहावे आणि प्रत्येक अडचणीला पाच वेळा ‘का?’ विचारावे.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची एक फाईल निवडून ती प्रत्येक टेबलावर केव्हा आली व केव्हा हलली, याची आम्ही नोंद ठेवली. प्रत्यक्ष बिल करण्यास अगदी थोडा वेळ लागला. उरलेला सर्व काळ फाईल नुसती पडून होती. पुढे ते बिल कंपनीकडून परतही आले. का? केसपेपरवर इम्प्लांटचे स्टिकर नव्हते. का नव्हते? शस्त्रक्रियागृहात ते वेगळ्या वहीत चिकटविले जात होते. वेगळी वही का? भांडाराच्या साठ्याचा मेळ घालण्यासाठी. मग दुसरे स्टिकर केसपेपरवर का लागले नाही? कारण ती वही लेखापरीक्षणानंतर आम्हीच सुरू केली होती आणि दुसऱ्या स्टिकरविषयी कोणालाही काही सांगितले नव्हते. पाचवा प्रश्न विचारण्याची गरज उरली नाही. ज्या लिपिकांना आम्ही बोल लावत होतो, त्यांची आम्ही क्षमा मागितली.

दुसरा दोष गठ्ठ्याचा होता. बिले महिनाअखेरीस एकत्र पाठविण्याची जुनी प्रथा सोयीची वाटे. परंतु एखाद्या कंपनीच्या दराची चूक झाली, तर ती त्या कंपनीच्या महिन्याभराच्या सर्व बिलांत होऊन मगच कळे. आता बिले रोजच्या रोज जातात. वॉर्डात उरलेली औषधे औषधभांडारात परत करण्याचे कामही रुग्ण घरी जाण्याच्या आदल्या सायंकाळी उरकले जाते, त्यामुळे नातेवाईकांना पिशव्या भरून ताटकळत बसावे लागत नाही.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. डिस्चार्ज कार्डावर मानद सर्जनांची सही लागते व ते शस्त्रक्रिया आटोपून सायंकाळीच येतात. निवासी डॉक्टरांनी मसुदा सकाळीच तयार ठेवावा, असा प्रयोग सध्या एका वॉर्डात चालू आहे.