शुक्रजंतूंची घडण

शाळेत शरीरशास्त्र शिकविताना प्रजननाचा धडा आला म्हणजे बहुतेक शिक्षक तो “घरी वाचून या” म्हणून सोडून देतात. पहिली काही वर्षे मीही तेच केले. घरी तो कोणी वाचीत नाही. आणि हेच विद्यार्थी पुढे संसारी झाले की त्या अज्ञानाचे फळ घरच्या सुनेला भोगावे लागते. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही की तपासणी तिची, आणि सौंदत्तीला नाही तर दर्ग्याला नवसही तिच्याच नावाने. वास्तविक अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत दोष एकट्या पुरुषात किंवा दोघांतही आढळतो. हा विषय कुटुंबात वाचावयाच्या स्मरणिकेत कशाला, असे कोणास वाटेल. पण रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून असले विषय मराठीत उघड मांडले, आणि खटले सोसूनही १९५३ साली निधन होईपर्यंत ते चालविले. आपण आता लाजण्याचे कारण नाही.

शुक्रजंतू वृषणात तयार होतात. वृषण पोटात न राहता बाहेर पिशवीत असतात, कारण या कामाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. आत दोऱ्यासारख्या बारीक नळ्यांची गुंतवळ असते. उलगडून जोडल्या तर काही शे मीटर भरतील. नळीच्या भिंतीलगत मूळपेशी असतात. वयात आल्यावर त्या विभागू लागतात. काही पेशी मूळपेशी म्हणूनच मागे राहतात, बाकीच्या पुढच्या घडणीस लागतात. त्यामुळे बियाणे संपत नाही व पुरुषात हे काम म्हातारपणीही चालू राहते.

पुढे गेलेल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. तिची लागोपाठ दोन विभाजने होऊन चार पेशी होतात व प्रत्येकीच्या वाट्याला २३ येतात. त्यांपैकी दोघींत एक्स गुणसूत्र जाते, दोघींत वाय. स्त्रीबीजात नेहमी एक्सच असते. तेव्हा मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या शुक्रजंतूवर ठरते. मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी एवढे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

या चारही पेशी अजून वाटोळ्याच असतात. इटलीच्या सेर्तोली या शास्त्रज्ञाने १८६५ साली वर्णन केलेल्या आधारपेशी त्यांना पोसतात. मग पेशी आपला बहुतेक ऐवज टाकून देते. गुणसूत्रे घट्ट बांधून डोके होते, त्यावर स्त्रीबीजाचे कवच भेदणाऱ्या रसाची टोपी बसते, मागे शेपूट फुटते. मूळपेशीपासून येथवर सुमारे ७४ दिवस लागतात. तरीही त्याला पोहता येत नाही. वृषणाला चिकटून अधिवृषण नावाची सुमारे सहा मीटर लांबीची वेटोळी नळी असते. तीतून सरकण्यात आणखी दहा-बारा दिवस जातात, तेव्हा कोठे शुक्रजंतूच्या अंगी गती येते.

हा हिशेब माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडला. विषमज्वरातून उठल्यावर दीड महिन्याने त्याने तपासणी केली; शुक्रजंतू फारच थोडे निघाले. घरात रडारड. जोराच्या तापाने घडण बिघडते व तिचा परिणाम पुढे दोन-तीन महिने दिसत राहतो, हे त्याला ठाऊक नव्हते. मी म्हटले, “बाबा, आज दिसतात ते तापातले. नवे पीक येऊ दे.” चार महिन्यांनी आकडा बराच चढला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा दिली आहे; तिच्या खाली गेला तो वांझ, असा मात्र तिचा अर्थ नव्हे. एका तपासणीवर निर्णय करू नये. तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळावा, नमुना अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत पोचवावा, आणि मागच्या तीन महिन्यांत ताप येऊन गेला असल्यास डॉक्टरांना तो न विसरता सांगावा.