स्थानाचे प्रमाण

महानुभाव वाङ्मयात ‘स्थान’ या शब्दाचा अर्थ नुसती जागा असा नव्हे. जागा सर्वत्र आहे. स्थान मात्र संबंधाने होते. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे बसणे, निजणे, चालणे ज्या भूमीवर घडले ती भूमी वंद्य झाली, आणि त्या संबंधाचा विसर पडू नये म्हणून चौदाव्या शतकात स्थानपोथी सिद्ध झाली. तीत महिमा थोडा आणि दिशा फार: गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगास स्थान आहे. नव्या वाचकास हा तपशील रुक्ष वाटतो. परंतु ज्या मार्गात स्मरण हेच साधन, तेथे दिशा चुकली म्हणजे स्मरणच चुकले.

येथे एक शंका संभवते. अशा स्मरणास व्यवहारात प्रमाण कोण मानणार? देवळे पडतात, ओढे पात्र बदलतात. वृद्धांच्या सांगण्यापलीकडे हाती काही उरत नाही. या शंकेचे उत्तर झाडीमंडळात, १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या रानात सापडते.

२००६ सालच्या वनहक्क कायद्याखालील नियमांत पुराव्यांची जी गणना आहे, तीत सरकारी कागदांच्या जोडीला पूजास्थाने, विहिरी, दफनभूमी आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथन यांचाही समावेश आहे. शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर शब्दप्रमाण मान्य झाले. वनखात्याच्या नकाशात ज्या भूमीला केवळ कक्ष क्रमांक असतो, त्याच भूमीत गोंड-माडिया वृद्धांस देवाचे ठाणे, पूर्वजांचे दगड, मोहाची झाडे अशी एकेक ओळखीची खूण दिसते. त्यांचे नाव घेता येणारा मनुष्य त्या रानात परका राहत नाही. न घेता येणाऱ्यास, तो तेथेच जन्मलेला असला तरी, ते नुसते जंगल होय.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव या बाबतीत अग्रेसर ठरले. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण कायद्याच्या कितीतरी आधीपासून, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साहचर्याने, गावात अभ्यासमंडळ चालत होते. निस्ताराच्या जुन्या हक्कांचा शोध घेतला गेला. निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करावयाचा असा नेम ठरला. (पुष्कळ विद्वत्सभांनीही हा नेम घेण्यासारखा आहे.) याच गावाने सागाच्या लाकडाचे गोटुल बांधले. तरुण मुलामुलींनी जमून गाणी, रीती, गोत्रांच्या कथा शिकावयाचे ते घर वनखात्याने पाडले. गावाने ते पुन्हा उभे केले. लाकूड पुन्हा मिळते. त्या घरावाचून वाढलेल्या एका पिढीस गेलेल्या कथा कोण सांगणार, हा खरा प्रश्न होता.

कोणी म्हणेल, हा हक्काचा वाद झाला. यात आचार कोठे? तर हक्क मिळण्याच्या पुष्कळ आधी गावाने आपल्यालाच बंधने घातली होती हे ध्यानात घ्यावे. फळांसाठी फळझाड तोडावयाचे नाही. मधासाठी पोळे जाळावयाचे नाही. पारध्यांपासून रक्षिलेल्या सशाची लीळा ज्यांनी वाचली आहे त्यांस या दुसऱ्या नियमाचे मोल सांगावयास नको. पूर्वी आगीने माश्या मरत, पिले मरत आणि मधही धुराळलेला निघे. आता अंगभर वस्त्र घालून झाडावर चढावयाचे, पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापावयाचा आणि पिलांचा भाग फांदीस तसाच ठेवावयाचा. माश्या तेथेच राहतात आणि पोळे पुन्हा भरतात.