ट्रॅक्टर सेल मारतो, पण चालू होत नाही : काय पाहावे?



गाळप हंगाम सुरू झाला की शेतकी खात्याकडे जशा तोडणीच्या तक्रारी येतात, तशीच एक तक्रार वाहतुकीची हमखास येते. "साहेब, गाडी सेल मारतीय, पण इंजिन धरत नाही." दोन ट्रॉल्या भरून उभ्या, टोळी दुसऱ्या फडात गेलेली आणि ड्रायव्हर फिटरची वाट पाहत बांधावर बसलेला. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही वारंवार सांगतो. ऊस वाळला की वजन घटते. शिवाय त्यातील साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होते, आणि त्यापासून कारखान्यात पुन्हा साखर करता येत नाही. वजनाची तूट एका सभासदाची, उताऱ्याची तूट आपणा सर्वांची. म्हणून शेतकीच्या पानावर हा इंजिनाचा धडा घेत आहोत.

कुर्डुवाडीकरांना इंजिनाचे अप्रूप नाही. इथून बार्शीला बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ साली सुरू झाली. त्याच साली तिकडे जर्मनीत रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. वाफेच्या इंजिनाची आग डोळ्यांना दिसते. डिझेल इंजिनात मात्र साधी ठिणगीसुद्धा नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबाने हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटते. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड गरम लागते, तेच तत्त्व. तेव्हा इंजिन सुरू व्हायला डिझेल, हवा आणि जोराचा दाब या तीनच गोष्टी लागतात. चालू होत नसेल तर यांपैकी एक कमी आहे, एवढे डोक्यात ठेवून शोध घ्यावा.

सुरुवात सोप्यापासून करावी. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. भरलेली ट्रॉली उतारावर असेल तर हे आधी, बाकी सर्व नंतर. टाकीत डिझेल आहे का ते काडी घालून पाहावे, काट्यावर विसंबू नये. इंजिन बंद करायची दांडी पूर्ण आत गेली आहे का पाहावे. तिची केबल गंजून अडकते आणि पंप डिझेल सोडत नाही. काही गाड्यांत दांडीऐवजी विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो. चावी फिरवल्यावर पंपाजवळ 'टक' असा आवाज आला नाही, तर फ्यूज व वायर तपासावी.

आता सेल मारताना एकाने सायलेन्सरकडे पाहावे. खरे निदान इथेच होते. धूर अजिबात येत नसेल, तर डिझेल नोझलपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते पण पेटत नाही. म्हणजे इंजिन थंड आहे, सावकाश फिरते आहे किंवा दाब कमी झाला आहे. काळा धूर येत असेल, तर हवेची वाट तुंबली आहे. फडातला पाचट-धुरळा खाऊन एअर क्लिनर भरून जातो. ऑईल बाथ असेल तर खालच्या भांड्यात तेलाऐवजी चिखल सापडतो.

आमच्या पाहण्यात बिनधुराच्याच गाड्या जास्त येतात, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. अशा वेळी टाकीपासून पुढे सरकत जावे. टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक भोक असते. ते चिखलाने बुजले तर टाकीत पोकळी होते आणि डिझेल पुढे येत नाही. टेंभुर्णी रस्त्यावर अशी एक गाडी पाहिली. चालायची, दम टाकायची, थोडा वेळ थांबली की पुन्हा चालायची. मालकाने नोझल तपासून घेतले, पंप खोलायची तयारी केली. दोष निघाला झाकणात. झाकण सैल करून गाडी चालली, तर रोग ओळखला असे समजावे.

पुढे फिल्टर. खालचा निचरा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे व स्थिर ठेवावे. पाणी जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. उघड्या कॅनमधून ओतलेले डिझेल आणि रात्री अर्धी रिकामी ठेवलेली टाकी ही पाण्याची दोन मोठी कारणे. टाकी संध्याकाळीच भरावी.

फिल्टर बदलला किंवा डिझेल संपले की लाईन 'एअर धरते'. हवा दबते, त्यामुळे पंपाचा जोर हवा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही. ती काढायची रीत अशी : फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करावा आणि फीडपंपाचा हातपंप मारत राहावे. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून सलग धार आली की हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळावा. मग तेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर. तरीही चालू न झाल्यास नोझलकडील नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून सेल मारावा, डिझेल उसळले की आवळावे. या वेळी हात लांब ठेवावा. दाबाखालचे डिझेल कातडीतून आत शिरते, ती जखम बारीक दिसली तरी घातक असते, ताबडतोब दवाखाना गाठावा.

एअर काढल्यावर गाडी चालते आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा बंद पडते, अशीही तक्रार असते. तिथे पुन्हा पुन्हा एअर काढून उपयोग नाही. टाकी ते फीडपंप हा भाग ओढीखाली असतो. तिथला वायसर किंवा रबरी नळी खराब झाली तर बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, पण आत हवा ओढली जाते. चार-दोन रुपड्यांचा तांब्याचा वायसर सबंध खेप अडवतो! तो बदलावा, नळीची क्लिप आवळावी.

पांढरा धूर असेल तर बॅटरीकडे वळावे. सेल मारताना दिवे मंद होत असतील, इंजिन कण्हत फिरत असेल, तर हवा पुरेशी तापत नाही. बॅटरीची टोके घासून आवळावीत, चेसिसची अर्थ वायर पाहावी. हीटर असेल तर तो चालतो का पाहावे. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सेल मारू नये, मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. नाहीतर सेल्फही जळतो आणि बॅटरीही उतरते. बॅटरी चांगली, फिरणे जोरात, तरी पांढराच धूर येत असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा पंपाचे टायमिंग. ते काम फिटरचे. पेट्रोलचा बोळा हवेच्या तोंडाशी धरून गाडी उठवणारे उस्ताद आहेत, पण त्यात पिस्टन फुटतो, प्रसंगी माणूस भाजतो.

एक विशेष सूचना. २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. त्यांतल्या ज्या गाड्यांना संगणकावर चालणारी कॉमन रेल पद्धत आहे, त्यांचा दाब जुन्या पंपाच्या कितीतरी पट असतो. त्यांच्या नोझलच्या नळ्या रस्त्यावर मुळीच सैल करू नयेत. टाकी, फिल्टर, फ्यूज, बॅटरी एवढे पाहावे आणि कंपनीच्या माणसाला बोलवावे.

दुरुस्ती रस्त्यात चालली असेल तर ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर दिसतो का, त्यावर वाढे लोंबत नाहीत ना, हे पाहावे. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळून माणसे गेली आहेत. तासाभरात गाडी चालू होत नसेल तर गट ऑफिसला फोन करावा, म्हणजे ट्रॉल्या ओढायला दुसरा ट्रॅक्टर देता येतो आणि त्या फडाची पुढची तोडही थांबवता येते. पेटीत एक फिल्टर, चार तांब्याचे वायसर, दोन क्लिपा, फ्यूज आणि एअर स्क्रूला बसणारा पाना एवढे सामान ठेवावे.