"प्लेटलेट किती?" एवढंच विचारू नका!

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा मराठीच्या चुका पोटात घाला. पण विषय होस्टेलवर सगळ्यांनी वाचावा असा आहे.

मागच्या श्रावणात माझ्या रूममेटला डेंग्यू झाला. तो वेरूळचा. घृष्णेश्वराच्या मंदिराजवळ त्याच्या वडिलांचं बेल-फुलांचं दुकान आहे. तापातच त्याला घेऊन मी घरी सोडायला गेलो आणि तिथेच थांबलो. चौथ्या दिवशी ताप उतरला. श्रावणी सोमवारची गर्दी, म्हणून हा दुकानावर बसायला निघाला! प्लेटलेट 62 हजार. काका म्हणाले, "शेजारच्या पोराच्या तर 30 हजारांवर आल्या होत्या, तोही झालाच की बरा." पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हे ऐकून डॉक्टरांनी रिपोर्टमधला दुसराच आकडा बघितला आणि लगेच शहरात अ‍ॅडमिट करायला सांगितलं.

तो आकडा म्हणजे पीसीव्ही, ज्याला हिमॅटोक्रिट पण म्हणतात. रक्तात पेशींचा वाटा किती टक्के, ते यावरून कळतं. डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात. पातळ प्लाझ्मा बाहेर झिरपतो, तांबड्या पेशी आतच राहतात. म्हणून रक्त घट्ट होतं आणि पीसीव्ही चढतो. मूळ आकड्यापेक्षा 20 टक्के वाढ म्हणजे गळती मोठी. याचा दुसऱ्या दिवशी 41 होता, चौथ्या दिवशी 50. करा हिशोब! जवळजवळ 22 टक्के.

गंमत म्हणजे ही गळती बहुधा ताप उतरतानाच सुरू होते. पुढचे 24 ते 48 तास धोक्याचे. आपण मात्र तेव्हाच म्हणतो, "सुटलो!"

मग बाकीच्या टेस्ट कशाला? एनएस-1 पहिल्या काही दिवसांत डेंग्यू आहे का ते सांगते, पुढे काय होणार ते नाही. प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असतात. त्या घसरणं ही सूचना आहे, पण एकटी पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये धोक्याची लक्षणं ठरवली, त्यात प्लेटलेट भराभर उतरताना पीसीव्ही चढणं, अशी जोडीच दिली आहे. सोबत पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती.

कोविडचंही तसंच. 2021 मध्ये घरोघरी सीआरपी आणि डी-डायमर तोंडपाठ झाले होते. पण ब्रिटनमध्ये 2020 साली तयार झालेल्या फोर-सी स्कोअरमध्ये आठ गोष्टी मोजतात. त्यात रक्तातल्या दोनच, सीआरपी आणि युरिया. बाकी वय, लिंग, जुने आजार, श्वासाचा वेग, ऑक्सिजन आणि शुद्ध.

आपण लॅबमध्ये एका रीडिंगवर ग्राफ काढतो का? नाही ना! मग माणसाचा तरी का काढावा?

माझा मित्र दोन दिवस सलाईनवर होता. दर काही तासांनी पीसीव्ही बघून सलाईन कमी-जास्त करत होते. आता ठणठणीत आहे.

तेव्हा दोस्तांनो, ताप आला की पहिला रिपोर्ट जपून ठेवा, पुढचा त्याच्याशी ताडून बघायला लागतो. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन स्वतःहून घेऊ नका. ताप उतरला तरी पोट दुखत असेल तर डॉक्टर गाठा, रात्र असली तरी. आणि हो, कूलरची टाकी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. आमच्या रूममध्ये आता हे काम तोच करतो!

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन