बोटीचा ॲनोड : गोड्या पाण्यात झिंक का चालत नाही?

'सॅक्रिफिशिअल ॲनोड' हा शब्द आपण फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत पाठ करतो, पेपरात लिहितो आणि विसरतो. (ॲनोडला मराठीत 'धनाग्र' म्हणतात, हे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याला शब्दकोश उघडल्यावर कळलं!) पण मंचरहून घोडेगाव ओलांडलं की डिंभे धरण लागतं, आणि तिथे हा प्रश्न पेपरातला राहत नाही. घोड नदीवरच्या या हुतात्मा बाबू गेनू सागरात मूळ आंबेगाव बुडालं. काठावरच्या वाड्यांना पलीकडे जायचं तर होडीच जवळची.

होडी लाकडाची किंवा फायबरची असली तरी आउटबोर्ड इंजिनाचा पाण्यातला भाग ॲल्युमिनियमचा असतो आणि शाफ्ट स्टीलचा. दोन धातू आणि मधे पाणी, म्हणजे सेल तयार! त्यात ॲल्युमिनियम झिजतं. ते वाचवायला त्याहून सहज झिजणारा धातू जोडतात, तोच आपला ॲनोड.

आता समजा, हर्णैकडचं जुनं इंजिन घाट चढून धरणावर आलं. त्यावर समुद्रासाठीचा झिंकचा तुकडा आहे. वर्षभराने बघावं तर तुकडा जवळजवळ नवाकोरा. मालक खूश! पण तुकडा झिजला नाही याचा अर्थ त्याने काम केलं नाही. झिजलं ते इंजिनाचं केसिंग. खड्डे सीलपर्यंत गेले की गिअरच्या तेलात पाणी शिरतं आणि भर धरणात माणसं बसलेली होडी बंद पडू शकते.

असं का होतं? साधा ओहमचा नियम लावा. समुद्राच्या पाण्याची रेझिस्टिव्हिटी साधारण २० ते २५ ओहम-सेंमी, गोड्या पाण्याची हजारांत. हिशेबाला सोपं म्हणून लोखंड घेऊ. सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत ते सुरक्षित राहायला -०.८० व्होल्ट लागतात. झिंक देतं सुमारे -१.०३, म्हणजे जोर फक्त पाव व्होल्टाच्या आसपास. मॅग्नेशिअम -१.५ पर्यंत जातं, म्हणजे जोर जवळजवळ तिप्पट. शिवाय गोड्या पाण्यात झिंकवर पांढरा थर बसतो आणि ते झोपतंच. म्हणून धरणात मॅग्नेशिअम.

मग समुद्रातही तेच का नको? तिथे ते भराभर संपतं. वर जादा करंटमुळे धातूजवळ अल्कली तयार होते, रंगाला फोड येतात, आणि ॲल्युमिनियम तर अल्कलीतही विरघळतं. औषधच बाधलं म्हणा ना! समुद्रात झिंक किंवा ॲल्युमिनियमचा खास मिश्रधातू (यात थोडं झिंक आणि किंचित इंडियम असतं) बरा. खाडीत पावसाळ्यात पाणी गोडं होतं, तिथे मी हा मिश्रधातूच निवडीन.

किती दिवस पुरेल, ते फॅरेडे सांगतो. १ किलो झिंक व्यवहारात सुमारे ७८० अँपिअर-तास देतं. करंट ०.१ अँपिअर असेल तर ७८०० तास, म्हणजे ३२५ दिवस.

गंमत म्हणजे हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्येच जहाजांचा तांब्याचा पत्रा असा वाचवला होता. तांबं वाचलं, पण ते विरघळायचं थांबल्यामुळे त्यावर शंख-शिंपले चिकटून जहाजं मंदावली!

बसवताना ॲनोडला रंग मुळीच लावू नका. बोल्टखालची जागा घासून धातूला धातू भिडवा, आणि निम्मा झिजला की बदला. स्टोरेज गीझरच्या टाकीतही बहुधा मॅग्नेशिअमचीच कांडी असते. होस्टेलचा गीझर दुरुस्तीला उघडतील तेव्हा ती किती उरलीय, ते जरूर बघा.